सोळा-अ

लोटन मिस्तरी आला
तेव्हा चप्पल दाराशी काढू की नको, यात थोडा वेळ गेला.
मग पिशवीतून कागद निघाले, त्यांना ग्रीसचा वास.
दोंडाईच्याच्या स्टेशन रोडवर, माझ्या टेबलावर
आधीच मिरचीचा खकाणा; बाहेर ट्रक उतरत होता.
दोघांनाही शिंका आल्या. एवढी ओळख पुरली.

एकवीस वर्षं जिनिंगमध्ये. रोलर, सुऱ्या, बेअरिंग.
कागदावर मात्र तो वेगळाच कुणी:
'तांत्रिक सल्लागार'.
मी मोठ्यानं वाचलं, तर तो मागं वळून पाहू लागला
दुसरं कुणी आलंय का.

सल्ल्याच्या फीतून दर वेळी टॅक्स कापला जातो.
"कापोत ना, मन्हं काही म्हननं नही.
पन मी नोकर शे का नही, इतलं सांगा."

कायदा असं थेट सांगत नाही, लोटनदादा.
पोट दुखतं म्हटलं तरी वैद्य आधी जीभ बघतो,
तसे आधी प्रश्न.

कामावर कधी यायचं, कोण ठरवतं?
भोंगा.
काम कसं करायचं, ते कोण सांगतं?
इथे तो हसला. शेठला अजून बेल्ट कुठला नि बुश कुठला
ते बोट लावून दाखवावं लागतं म्हणाला.
मी तो रकाना रिकामा सोडला.

हत्यारं कुणाची?
त्यानं पिशवीतून पाना काढला,
वडलांचा, चिमठाण्याच्या लोहाराकडून दांडा वाढवून घेतलेला.
"पाना मन्हा शे. नट त्यास्ना."
मी पुष्कळ निकाल चाळलेत,
पण पाना आणि नट यांच्यात जो पीळ बसतो
तो कुणाच्या मालकीचा, हे कुठंच दिलेलं नाही.

सीझन संपला की दुसरीकडे जाता?
तेव्हा तर मशीनी उघड्या पडलेल्या असतात, म्हणाला,
खरं काम तेव्हाच.

तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो?
हा मी नेहमी शेवटी विचारतो.
तो बराच वेळ पाना हातात फिरवत राहिला.
पोरीच्या हळदीला भाच्याला पाठवलं होतं.
अकराला फोन: पोरगा परत पाठवलाय, तू ये.
गेला.
सहा नंबरवर हात घातला तेव्हा
हळद वाळायची होती अजून.
रुईला पिवळे डाग पडले.
त्या गाठीचे पैसे कापून घेतले,
सल्लागाराच्या फीतून.

नोकराला मिळतो फॉर्म सोळा.
त्याच्या हातात सोळा-ए. मी मराठीत सोळा-अ लिहितो.
शाळेत शिकलो होतो, अ शब्दाच्या आधी लागतो
आणि असलेलं नसलेलं करतो:
अज्ञात, अमान्य, अदखल.
इथे तो मागून आला, आकड्याला नुसता टेकला,
आणि फंड, बोनस, रजा,
टायफॉइडचे ते सतरा दिवस,
सगळं पुसून गेला.

मी म्हणालो, माझ्या मते तुम्ही नोकर आहात.
त्याला हे बरं वाटावं की वाईट, त्यालाही कळेना.
रिटर्नमध्ये पगार दाखवला तर शेठचे कागद जुळणार नाहीत.
मग नोटीस येईल, आधी शेठला.
मग भोंगा वाजेल, पण त्याच्यासाठी नाही.
हे मी सांगितलं.
हे नाही सांगितलं
की शेठच्या वह्या माझ्याच कपाटात असतात,
की आठ वर्षांपूर्वी शेठनं एखादा शब्द मागितला होता,
मी तीन लिहून दिले,
त्यातला हा सगळ्यात सभ्य होता.

उठताना टेबल डुगडुगलं.
तो खाली वाकला, पाना लावला, एक आटा दिला.
टेबल गप्प.
मी खिशात हात घालून विचारलं, किती झाले?
"ऱ्हाऊ द्या भाऊ," चप्पल पायात सरकवत म्हणाला,
"हाऊ सल्ला शे."